बैल ठेवायचा की विकायचा हे ठरवणार कोण? आणि वैरणीचे पैसे देणार कोण?

मंडळी, पोळ्याला बैलांचे फोटो आपण सगळेच टाकतो. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, तोंडात पुरणपोळीचा घास. मीही टाकतो. पोळा संपला की पुढचे ३६४ दिवस त्या बैलाचं काय होतं, यावर मात्र कोणी लिहीत नाही. आज त्यावर लिहायचंय. पोस्ट मोठी आहे. जेवणखाण झाल्यावर निवांत वाचा. पटलं नाही तर खाली खुशाल सांगा, पण आधी पूर्ण वाचा एवढीच विनंती.

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आपल्या चार तालुक्यांत, गेली बरीच वर्षं बातमीदारी करतोय. कांद्याचे भाव, डाळिंबावरचा तेल्या, गिरणेचं आवर्तन, विजेचं लोडशेडिंग, यावर शेतकरी माझ्याशी मोकळेपणी बोलतो. पण "आबा, म्हाताऱ्या बैलाचं काय करणार?" असं विचारलं की समोरचा माणूस इकडं तिकडं बघतो आणि आवाज खाली आणतो. ज्या प्रश्नाचं उत्तर शेतकरी दबक्या आवाजात देतो, तो प्रश्न गावात असतोच. फक्त ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

जनावर पाळणाऱ्याला मुख्य निर्णय तीनच असतात. कोणतं जनावर आणायचं, कसं वाढवायचं, आणि कधी काढायचं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलमध्ये मांसासाठीच गुरं पाळणारे लोक आहेत. तिकडे या तिसऱ्या निर्णयावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. चारा किती उरलाय, दात किती झिजलेत, गाय गाभण राहिली की नाही, बाजार चढा आहे की उतरता, हे बघून ठरवतात. तिथला शेतकरी कळपातून काढलेल्या गायींचे पैसे वर्षाच्या उत्पन्नात धरूनच चालतो.

आपल्याकडे मांसासाठी गुरं पाळणारा शेतकरी तसा कधी नव्हताच. आपला शेतकरी औतासाठी बैल पाळतो, दुधासाठी गाय पाळतो. पण जनावर थकल्यावर त्याला बाजारात जी शेवटची किंमत यायची, ती याच साखळीतून यायची. हेडी घ्यायचा, पुढं व्यापाऱ्याकडं जायचं, पुढं कुठं जायचं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. जुन्या जोडीचे पैसे आणि त्यात थोडी भर घालून नवी जोडी दावणीला यायची. कोरडवाहू दोन-तीन एकरवाल्याचं हे फिरतं भांडवल होतं. बँकेनं न दिलेलं, कुठल्या योजनेत न बसलेलं, पण खरं भांडवल.

ते भांडवल कायद्यानं थांबवलं. कसं, ते थोडक्यात सांगतो, कारण पारावरच्या गप्पांत यावर बरंच काही चुकीचं बोललं जातं.

महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी २०१५ साली आली असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा आहे. गाय, कालवड आणि वासरू यांच्या कत्तलीला तेव्हापासूनच बंदी आहे. त्या कायद्यात बैल आणि वळू यांच्यासाठी मात्र वाट ठेवली होती. जनावर ओढकामाच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचं राहिलं नाही, असा दाखला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं दिला तर कत्तलीला परवानगी मिळायची. १९९५ साली युती सरकारच्या काळात विधिमंडळानं दुरुस्ती मंजूर करून ही वाट बंद केली. ती दुरुस्ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी जवळपास वीस वर्षं पडून राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सही झाली आणि मार्चपासून बैल, वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गुन्हा नुसत्या कत्तलीचा नाही. जनावर कत्तलीला जाणार हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना विकलं, तर विकणाराही कायद्यात अडकतो. म्हणजे आपला शेतकरीच.

त्याच मार्च-एप्रिलमध्ये शेजारच्या मालेगावची बातमी देशभर गेली होती, जुन्या वाचकांना आठवत असेल. पोलिसांनी जनावरांच्या मालकांना जनावराबरोबरचे फोटो ठाण्यात जमा करायला सांगितले होते. मोठ्या शहरांतल्या पेपरांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. इथल्या माणसाला त्यात गंमत वाटली नाही. गोठ्यातलं जनावर उद्या मेलं किंवा विकलं, तर त्याचा हिशोब ठाण्यात द्यावा लागेल की काय, ही भीती त्याला होती.

पुढं मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातून आलेलं गोमांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनंच सिद्ध करावं, हे कलमही काढून टाकलं. शहरातल्या माणसाच्या ताटाचा प्रश्न त्यातून बऱ्यापैकी सुटला. शेतकऱ्याच्या दावणीचा प्रश्न होता तिथंच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाचंही बघा. १९५८ साली बिहारच्या खटल्यात घटनापीठानं म्हटलं होतं की गाय आणि वासरांवरची पूर्ण बंदी योग्य, पण निरुपयोगी झालेल्या बैलांवरही सरसकट बंदी वाजवी नाही. २००५ साली गुजरातच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल देऊन ही भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी शेण आणि गोमूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता.

न्यायालयाचा निकाल आहे, तो मान्यच. पण हिशोब तर मांडता येतो ना? शेणखताची किंमत मी नाकारत नाही. आपल्या जमिनीला त्याची गरज आहे. पण शेण तरुण बैलही देतो, वर कामही देतो. गोठ्यात जागा दोनच खुंट्यांची आणि वैरण दोनच जनावरांची असेल, तर म्हातारी जोडी ठेवली म्हणजे नवी जोडी येत नाही. प्रश्न शेणाचा नाही, खुंट्याचा आहे.

आता खर्चाकडे येतो. साडेतीनशे किलोच्या बैलाला रोज साधारण आठ-नऊ किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला तीन टनांच्या वर. मक्याची कुट्टी, बाजरीचं सरमाड, कडबा, काहीही धरा. चैत्र-वैशाखात आपल्याकडं तीन टन वैरण म्हणजे काय, हे विकत घेणाऱ्याला विचारा.

माझा आकडा नको असेल तर सरकारचाच घ्या. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारनं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. त्याच दिवशी मंत्रिमंडळानं गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. म्हणजे एक जनावर नुसतं जगवायला रोज निदान ५० रुपये तरी लागतात, हे सरकारला मान्य आहे. वर्षाचे झाले १८,२५०. जोडीचे ३६,५००.

हे पैसे कोणाला? गोशाळेला. शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या गायीला नाही. संकरित गायीला नाही. बैलाला तर नाहीच. गोशाळेच्या दावणीला बांधलेली गाय राज्यमाता, आणि शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेली तीच गाय त्याची खासगी अडचण, हा फरक मला कोणीतरी समजावून सांगा.

दुसरा आकडा लम्पीचा. २०२२ च्या साथीत आपल्या तालुक्यातही जनावरं गेली. तेव्हा सरकारनं मेलेल्या दुधाळ गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली. मदत दिली हे चांगलंच केलं. पण यातून दिसतं काय? बैल रोगानं मेला तर सरकारी हिशोबात तो २५ हजारांचा. तोच बैल जिवंत आहे, म्हातारा आहे आणि कायद्यामुळं विकता येत नाही, तर त्याची किंमत शून्य. उलट मालकालाच वर्षाला १८ हजारांचा भुर्दंड.

आता दूधवाल्यांकडं या. औताची जोडी कमी झाली, ट्रॅक्टर आले, "आता बैल ठेवतो कोण?" असं म्हणणारे बरेच आहेत. खरं आहे. पण संकरित गाय तर वाढली ना? गाय दुधात राहायची तर ठरावीक काळानं वेत यावंच लागतं. वेत आलं की निम्म्या वेळा गोऱ्हा. एचएफच्या गोऱ्ह्याला नीट वशिंड नाही, उन्हात टिकत नाही, औताला कोणी घेत नाही. त्याला रोज तीन लिटर दूध पाजायचं म्हटलं आणि लिटरला ३० रुपये धरले, तरी रोजचे ९० रुपये गेले.

मग होतं काय? हे लिहायला बरं वाटत नाही, पण गोठ्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गोऱ्ह्याला पोटभर पाजत नाहीत. आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप जातं. नाहीतर रात्री गाडीत घालून घाटात, नाहीतर कुठल्यातरी देवस्थानाच्या पायथ्याशी सोडून देतात. कत्तल नको म्हणून केलेल्या कायद्याच्या सावलीत वासरं उपाशी मरतात. याला गोरक्षण म्हणायचं असेल तर म्हणा, माझी जीभ रेटत नाही.

सोडलेली जनावरं जातात कुठं? दुसऱ्याच्या शेतात. कांद्याच्या रोपात, मक्यात, घासात. मग रात्रीची राखण, भाऊबंदकीत भांडणं, रस्त्यावर अपघात. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५० लाखांच्या वर मोकाट गुरं मोजली गेली. उत्तर प्रदेशात तर शेतकरी रात्र-रात्र शेतात काढायला लागला आणि २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत मोकाट गुरं हा प्रचाराचा मुद्दा झाला.

त्याच पशुगणनेतला आणखी एक आकडा सांगतो. २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातला गोवंश दहा टक्क्यांनी घटला. पश्चिम बंगालमध्ये वयस्क, निरुपयोगी जनावराच्या कत्तलीला दाखल्यावर परवानगी आहे. तिथं तो पंधरा टक्क्यांनी वाढला. मी असं म्हणत नाही की सगळी घट कायद्यामुळं झाली. ट्रॅक्टर आहे, दुष्काळ आहे, चराई संपली, पोरं शहरात गेली. पण बंदीनं गोवंश वाढतो, हा जो दावा होता, तो निदान आपल्या राज्याच्या आकड्यांत दिसत नाही. जे जनावर विकता येत नाही, ते शेतकरी पाळायचंच बंद करतो. इतकं साधं आहे हे. आपल्या जिल्ह्याची डांगी गाय, डोंगरातल्या पावसात टिकणारी, तिचीही काळजी याच अंगानं करायला हवी. पाळणारा टिकला तर जात टिकेल.

आता बाजाराचं. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली. कागदपत्रं असूनही गाड्या अडवतात, मारहाण करतात, जनावरं काढून घेतात, ही त्यांची तक्रार. बाजार ओस पडले आणि पहिला फटका शेतकऱ्याला बसला. म्हशींचे, भाकड जनावरांचे सौदे थांबले. खरं तर म्हैस या बंदीत येतच नाही. तरी म्हशीची गाडीही अडते. सदाभाऊ खोतांसारखे सत्ताधारी बाजूचे शेतकरी नेते तेव्हा उघडपणे शेतकऱ्याच्या बाजूनं बोलले. गाड्या तपासण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, खासगी माणसांचा नाही, हे सरकारलाही सांगावं लागलं.

आपल्या भागातले जे तरुण गोरक्षणाचं काम करतात, त्यातले काही माझे वाचक आहेत. दादांनो, तुमच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. गाडीत जनावरं कोंबून, पाय बांधून नेतात तेव्हा मलाही चीड येते. मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, हा नियम १९७८ पासून आहे. तो मोडणाऱ्यावर गुन्हा झालाच पाहिजे. पण अडवणं, तपासणं, शिक्षा देणं हे आपलं काम नाही. जून २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या पट्ट्यात, अशाच संशयावरून झालेल्या दोन वेगवेगळ्या घटनांत दोन माणसांचे जीव गेले. त्यांच्या घरी म्हातारे आईबाप असतील, आणि ज्या पोरांवर गुन्हे दाखल झाले त्यांच्याही घरी. यातून एकही गाय वाचली नाही.

आणखी एक, फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट. जनावर जप्त होऊन गोशाळेत गेलं, तर खटला चालू असताना त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याची तरतूद २०१७ च्या केंद्रीय नियमांत आहे. म्हणजे शेतकरी खरा असला, कागद पूर्ण असले, तरी सुटका होईपर्यंत बैलाची किंमत चाऱ्यातच संपू शकते.

"बाप म्हातारा झाला तर त्यालाही विकशील का?" हा प्रश्न मला या पोस्टखाली हमखास येणार. आत्ताच उत्तर देतो. ज्यानं बारा वर्षं राबलेला बैल मरेपर्यंत दावणीला ठेवला, शेताच्या बांधावर त्याला माती दिली, दगडाला शेंदूर लावला, अशी माणसं आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण ते त्यांनी स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वैरणीवर केलं. दुसऱ्याच्या वैरणीवर आपली भक्ती चालवणं वेगळं. ज्याच्याकडं दीड एकर आहे, बायको दुसऱ्याच्या कांदे लागणीला जाते, पोराची फी थकलीय, त्याला मुंबईत बसलेल्या माणसानं "बैल सांभाळ" सांगायचं आणि वैरणीला दमडीही द्यायची नाही, हे बरोबर नाही.

कांद्याचं आठवा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. तेव्हा उमराण्यात, लासलगावात लिलाव बंद पडले, आपण रस्त्यावर उतरलो. आपलं म्हणणं काय होतं? शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचा तर द्या, पण त्याची किंमत शेतकऱ्याच्या खिशातून घेऊ नका. बैलाचं म्हणणं अक्षरशः तेच आहे. समाजाला बैल वाचवायचाय? वाचवा. पण किंमत समाजानं भरावी. कांद्यासाठी आपण घसा फोडून बोललो आणि बैलासाठी गप्प बसलो. कारण कांद्याला धर्म नाही, बैलाला आहे. बोललं की लगेच कोणीतरी पक्ष चिकटवतं.

मागणी साधी आहे. सरकारनं यातलं एक काहीतरी करावं.

एक तर १९७६ ची बैलांबाबतची व्यवस्था परत आणावी. गायीला संरक्षण तसंच राहू द्या. कामाच्या बाहेर गेलेल्या बैलासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाखल्याची वाट खुली करा. शेजारच्या गोव्यात बैलांच्या बाबतीत अशीच दाखल्याची पद्धत आहे.

ते जमत नसेल तर गोशाळेला देता तेच ५० रुपये शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या भाकड गायीला आणि म्हाताऱ्या बैलाला द्या. ओळख कशी पटवायची हा प्रश्नच नाही, कानातला बारा आकडी बिल्ला आता सक्तीचा आहे. उत्तर प्रदेशनं २०१९ पासून मोकाट गुरं सांभाळायला घेणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाला ३० रुपये द्यायला सुरुवात केली, नंतर ते ५० केले. पैसे कधी मिळतात, कधी थकतात, ती वेगळी ओरड. पण खर्च सरकारचा आहे एवढं तरी तिथं मान्य झालं.

हेही नको असेल तर सरकारनं तालुक्याला एक केंद्र काढून जनावर विकत घ्यावं. भाव लम्पीच्या वेळी स्वतः ठरवलेला.

यातलं काहीच करायचं नाही आणि कायदा मात्र ठेवायचा, याचा अर्थ गोवंश संरक्षणाचं सगळं ओझं राज्यातल्या सगळ्यात गरीब गोपालकावर टाकायचं, असाच होतो.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते लिहितो. पशुवैद्यकीय डॉक्टरांशी आणि जाणत्या गोपालकांशी बोलून जे समजलं ते असं :

१) गाय भरवताना लिंगनिर्धारित रेतमात्रेची चौकशी करा. कालवड होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. गर्भधारणा साध्या मात्रेपेक्षा थोडी कमी होते, म्हणून निरोगी कालवडीला आणि नीट माजावर आलेल्या गायीला वापरा. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच येणार नाही, यासारखं दुसरं गोरक्षण नाही.

२) बैल विकायचा तर काम करतोय तोवर विका. दात जुळून दोन-तीन वर्षं झाली की ठरवा. औतासाठी घेणारा दुसरा शेतकरी तेव्हाच मिळतो, आणि शेतकऱ्यानं शेतकऱ्याला कामासाठी विकण्याला कायद्याची आडकाठी नाही. बैल थकेपर्यंत थांबलात तर घेणारा कोणी उरत नाही.

३) कानातला बिल्ला मारून घ्या आणि नोंद स्वतःच्या नावावर आहे ना ते बघा. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही. सौदा बाजार समितीच्या आवारात करा, पावती घ्या, घेणाऱ्याचं नाव-गाव लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. तोंडी सौद्याचे दिवस गेले.

४) दिवाळीनंतर चाऱ्याचा हिशोब मांडा. घरात किती टन आहे आणि किती तोंडं आहेत. पावसाळ्यापर्यंत पुरत नसेल तर जनावर आत्ताच कमी करा. वैशाखात सगळेच विकायला काढतात आणि भाव पडतो. मका असेल त्यानं मुरघास करून ठेवावा.

५) कितीही अडचण आली तरी जनावर रात्री सोडून देऊ नका. उपाशीतापाशी मरायला जनावर सोडणं हाही १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. आणि ते ज्याच्या कांद्यात घुसणार आहे, तोही तुमच्यासारखाच शेतकरी आहे.

या पाचही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण यानं मूळ दुखणं जात नाही. शेतकऱ्याला जनावर आणायचं आणि वाढवायचं स्वातंत्र्य आहे, काढायचं नाही. ज्या धंद्यात मालाची विक्री दुसरा ठरवतो आणि खर्च मालक भरतो, तो धंदा टिकत नाही. कांद्यानं हे आपल्याला पुरेसं शिकवलंय.

येत्या ग्रामसभेत एक विषय मांडता येईल. गावात आज किती भाकड गायी, किती म्हातारे बैल, किती मोकाट जनावरं आहेत, याची मोजणी करून ठराव तहसीलदार आणि आमदारांकडं पाठवायचा. फक्त मोजणी आणि वैरणीची मागणी. त्यात ना कुठला पक्ष, ना कुठला धर्म. एका गावाचा ठराव फायलीत जाईल. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे गेले तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

तुमच्या गावातला अंदाजे आकडा खाली कमेंटमध्ये लिहा. माणसाचं नाव नको, फक्त गाव आणि जनावरं. आकडे जमले की तालुक्याची यादी करून मी इथंच टाकतो. शिव्या द्यायच्या असतील त्यांनीही द्या, पण त्याच कमेंटमध्ये आपल्या गावचा आकडा लिहायला विसरू नका.